हायस्कूलमध्ये इंग्रजीचे वरच्या लेव्हलचे शब्द कसे शिकायचे: यादी पाठ करू नका, सोयरीक जुळवा

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, माय फादर इज अ नटोरियस फार्मर. तिचे वडील म्हणजे केळीतला जाणता माणूस, त्यांची बाग बघायला शेजारच्या गावचे लोक यायचे, आणि पोरीला अभिमानाने तेच सांगायचं होतं. पण तिने जी यादी पाठ केली होती त्यात नटोरियसच्या समोर फक्त 'प्रख्यात' एवढंच छापलेलं. नटोरियस म्हणजे वाईट कामासाठी गाजलेला, कुप्रसिद्ध. स्पेलिंग बरोबर, ग्रामर बरोबर, पाठांतर पक्कं, आणि तरी त्या एका वाक्यात तिच्या वडिलांचा अपमान झाला होता. वर्गात कोणाला कळलंही नाही, मला मात्र रात्री वह्या तपासताना फार वाईट वाटलं कारण तोपर्यंत मीही पोरांना याद्याच देत होतो, रोज वीस शब्द, पाठ करा, उद्या विचारतो. दुसऱ्या दिवशी पोरं सांगायची, "सर, बठ्ठं पाठ शे", आणि असायचंही, पण पंधरा दिवसांनी त्यातलं एक अक्षर शिल्लक नसायचं.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली, तीच इथे सविस्तर लिहितोय. आठवी ते बारावीच्या, मराठी किंवा सेमी मिडीयमच्या, जळगाव धुळे नंदुरबारकडच्या पोरांसाठी मुख्य करून, पण कोणालाही चालेल.

मूळ मुद्दा एवढाच की नुसता बायोडाटा बघून आपण सोयरीक करत नाही. आपण घर बघतो, गोतावळा बघतो, कोणात उठबस आहे ते विचारतो, चार वेळा जाणंयेणं होतं मग नातं पक्कं होतं. शब्दाचंही अगदी तसंच आहे, डिक्शनरीतला अर्थ हा फक्त बायोडाटा.

आधी कोणते शब्द घ्यायचे ते ठरवा

इथेच बहुतेक पोरं चुकतात. अवघड शब्द म्हटलं की कुठूनतरी दोन फूट लांबीचे शब्द शोधून आणतात जे आयुष्यात एकदाही समोर येत नाहीत. शब्द ढोबळमानाने तीन प्रकारचे समजा. पहिले रोजचे, म्हणजे वॉटर, रन, हॅपी. तिसरे एखाद्या विषयाचे, म्हणजे रिफ्रॅक्शन, क्लोरोफिल, ते त्या त्या विषयाच्या तासाला येतातच. मधले जे आहेत, जे सायन्सच्या पुस्तकात पण येतात, इतिहासात पण, पेपरच्या अग्रलेखात पण, बँकेच्या फॉर्मवर पण, उदाहरणार्थ ॲडिक्वेट, कन्सिस्टंट, रिलक्टंट, इंडिकेट, सिग्निफिकंट, मेंटेन, तेच तुमचे. कष्ट तिथे घाला.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली, अकॅडमिक वर्ड लिस्ट नावाची, त्यात ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) आहेत आणि ती नेटवर फुकट मिळते. आता तुम्ही म्हणाल याद्या नको म्हणता आणि यादीच देता. ही यादी पाठ करायला नाही, वाचताना भेटलेला शब्द घ्यायचा की सोडायचा हे ठरवायला आहे. यादीत दिसला तर घ्या.

पण त्याआधी पाया बघा. पुस्तकातला कुठलाही शंभर शब्दांचा तुकडा घ्या आणि न कळणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. दोन-तीन रेघा आल्या तर ते पुस्तक तुमच्या लेव्हलचं. दहा-बारा आल्या तर त्या पुस्तकातून शब्द शिकायचा हट्ट आत्ता नको, खालच्या इयत्तेचं पुस्तक घ्या, यात लाज कसली. दहावीतला मुलगा सातवीचं इंग्रजी पुस्तक मन लावून वाचतो तेव्हा तो मागे जात नसतो, पाया भरत असतो.

वही कशी करायची

दोनशे पानी वही घ्या आणि एका शब्दाला अर्धं पान द्या. कंजूषी करू नका. मी एक शब्द पूर्ण करून दाखवतो, रिलक्टंट.

वर इंग्रजी लिपीत शब्द. त्याखाली देवनागरीत उच्चार, आणि उच्चारात जिथे जोर येतो त्या अक्षराखाली रेघ, इथे 'लक्'वर. मग अर्थ, पण एका शब्दात नाही, प्रसंगात: करायचं मनातून नाही, पण नाही म्हणता येत नाही, पाय मागे ओढतायत. मग ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य जसंच्या तसं. मग त्याचे सोयरे, म्हणजे तो कोणाला घेऊन येतो: रिलक्टंट टु आणि पुढे क्रियापद, रिलक्टंट टु स्पीक, रिलक्टंट टु लीव्ह. मग त्याचं कुटुंब, रिलक्टन्स हे नाम, रिलक्टंटली हे क्रियाविशेषण. आणि शेवटी तुमच्या घरातलं, तुमच्या गावातलं एक खरं वाक्य. एका मुलाने लिहिलं होतं, माय ग्रँडफादर वॉज रिलक्टंट टु सेल द ओल्ड बुलक. आजोबा गोठ्यात त्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि व्यापारी पैसे मोजत होता, हे त्याने डोळ्याने बघितलेलं. तो शब्द तो पोरगा जन्मात विसरणार नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, बाकी घाईत एखादी गोष्ट राहिली तरी चालेल. गाईडमधलं वाक्य उतरवलं तर वही भरते, डोकं भरत नाही.

अर्थ बघायला लर्नर्स डिक्शनरी वापरा, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींच्या वेबसाइटवर फुकट आहेत. लर्नर्स डिक्शनरीत अर्थ सोप्या, मोजक्या शब्दांत सांगितलेला असतो, उच्चार ऐकता येतो आणि उदाहरणं भरपूर असतात. मराठी अर्थ बघू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट आधी मराठीत नीट समजून घ्या, फक्त तिथे थांबू नका.

मराठी ही अडचण नाही, भांडवल आहे

आपल्याकडच्या पोरांना एक गोष्ट लहानपणापासून टोचते. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि बाहेर शिकायला गेलं की ळ चा य होतो म्हणून लोक हसतात, 'केयं' म्हटलं की झालं. मग पोरगं तोंडच उघडत नाही, मराठीत नाही तर इंग्रजीत कुठून उघडेल. सातपुड्याकडच्या पोरांची तर घरची भाषा भिलोरी किंवा पावरी, म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी नाही चौथी भाषा. मी प्रत्येक बॅचला सांगतो, जे पोर दिवसभरात तीन भाषांत ये-जा करतं त्याच्या डोक्याला नवीन शब्द ठेवायची सवय आधीपासून आहे.

आणि दुसरं म्हणजे मराठीचं आणि इंग्रजीचं लांबचं नातं खरंच आहे. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं. इंग्रजीतले बरेचसे वरच्या लेव्हलचे शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेत आणि आपले बरेच शब्द संस्कृतातून, म्हणून ही मंडळी एकमेकांची चुलत भावंडं निघतात. ज्ञान आणि नो, कॉग्निशन, रेकग्नाइज, इग्नोरंट. मृत आणि मॉर्टल. अग्नी आणि इग्नाइट. नव आणि नॉव्हेल, इनोव्हेट. दान आणि डोनेट. वाचा आणि व्हॉइस, व्होकल, आणि खुद्द व्होकॅब्युलरी.

माझं आवडतं उदाहरण जू. बैलांच्या मानेवरचं जू, ते इंग्रजीत योक, आणि लॅटिनमध्ये त्याचाच भाऊ जुगुम. सब म्हणजे खाली. सबज्युगेट म्हणजे अक्षरशः जुवाखाली आणणं, एखाद्या देशाला किंवा लोकांना ताब्यात घेणं. ज्याने वखर चालताना बघितलाय त्याला हा शब्द शहरातल्या पोरापेक्षा लवकर कळतो, हे मी वर्गात बघितलंय, सांगितल्याबरोबर शेवटच्या बाकावरच्या दोन पोरांनी मान खाली घालून खांदे पुढे केले, बैलासारखे.

म्हणून मुळं शिका. महिन्याला चार-पाच पुरे. रप्ट म्हणजे तुटणं: इंटरप्ट म्हणजे मधेच तोडणं, इरप्ट म्हणजे फुटून बाहेर येणं, अब्रप्ट म्हणजे अचानक तुटल्यासारखं, बँकरप्ट म्हणजे दिवाळं. स्पेक्ट म्हणजे बघणं: इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट. माल म्हणजे वाईट, आपला 'कु': कुपोषण म्हणजे मालन्यूट्रिशन, तुकड्याला तुकडा जुळतो. मलेरियासुद्धा त्यातलाच, इटालियनमध्ये वाईट हवा, कारण तेव्हा लोकांना वाटायचं दलदलीच्या हवेनेच ताप येतो.

फक्त सावध राहा, दिसायला सारखं ते सगळं नात्यातलं नसतं. दिन आणि डे जवळचे वाटतात पण डे चं मूळ वेगळं आहे. आपल्या दिवसाची नातलग आहे डायरी, लॅटिन डिएस वरून आलेली. नातं लावण्याआधी डिक्शनरीत शब्दाचं मूळ बघायची सवय लावा.

सोयरे: कोणता शब्द कोणासोबत जातो

आता मराठीतला 'कडक' घ्या. कडक चहा, कडक ऊन, कडक मास्तर, कडक इस्त्री, कडक भाकरी. आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत चहा स्ट्राँग, ऊन स्कॉर्चिंग, मास्तर स्ट्रिक्ट, इस्त्रीचा शर्ट क्रिस्प, आणि शिळी होऊन कडक झालेली भाकरी हार्ड. हार्ड टी म्हटलं तर समोरचा गोंधळेल. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा ते हॉट नाही, स्कॉर्चिंगच.

क्रियापदांचंही तसंच. चूक करणं आणि गृहपाठ करणं, दोन्ही आपल्याकडे 'करणं', इंग्रजीत मेक अ मिस्टेक पण डू होमवर्क. गुन्हा कमिट करतात. लक्ष 'देतो' आपण, इंग्रजीत अटेन्शन पे करतात. आणि डिस्कस अबाऊट लिहू नका, आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो म्हणून तो अबाऊट आपोआप घुसतो, इंग्रजीत डिस्कस द प्रॉब्लेम एवढंच. या चुका मठ्ठपणाने होत नाहीत, मराठी चांगली येते म्हणून होतात, आणि एकदा दाखवल्या की जातात.

शब्दाची किंमत पण बघायची, म्हणजे तो मानाचा आहे, साधा आहे की खालचा. मराठीत आजोबा 'वारले' म्हणतो, संत 'समाधिस्थ झाले', सैनिक 'शहीद झाला', उंदीर 'मेला'. आजोबा मेले असं आपण बोलत नाही, हे कोणी शिकवलं नाही तरी कळतं. इंग्रजीत ते मुद्दाम शिकावं लागतं. बारीक माणूस स्लिम पण असतो, लीन पण, स्किनी पण, यातलं स्लिम कौतुकाचं, स्किनी टोचणारं. फेमस, रिनाउन्ड, एमिनंट हे मानाचे, नटोरियस नाही. वहीत अर्थाच्या शेजारी अधिकची खूण किंवा उण्याची खूण करा, एका सेकंदाचं काम आहे. त्या मुलीच्या यादीत नेमकी हीच खूण नव्हती.

उजळणी: खोक्याची पद्धत

जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं विसरायचा वेग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात जास्त असतो, मग तो कमी होत जातो. म्हणून एकाच रात्री पन्नास वेळा घोकण्यापेक्षा, विसरायच्या बेतात असताना परत आठवणं जास्त कामाचं. १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने यावरून खोक्याची पद्धत लोकांपर्यंत नेली, आणि खर्च काहीच नाही.

बुटाचं रिकामं खोकं घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापा, कागद जाड असतो, मागची बाजू कोरी असते, आणि आपल्याकडे लग्नसराईनंतर प्रत्येक घरात ढीग असतो. कार्डाच्या एका बाजूला मराठीत प्रसंग आणि इंग्रजी वाक्य ज्यात शब्दाची जागा मोकळी, दुसऱ्या बाजूला शब्द. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. कार्ड उलटं करायच्या आधी तोंडाने उत्तर द्यायचं, ही अट मोडू नका. उत्तर बघून 'हो हो, हे येत होतं' म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं.

मोबाईलवर हेच काम अँकी नावाचं ॲप करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे, चांगलं आहे. पण ज्या घरात एकच मोबाईल आणि तो वडिलांसोबत शेतात, तिथे खोकंच बरं, आणि खरं सांगायचं तर हाताने कार्ड लिहितानाच अर्धा शब्द डोक्यात बसतो.

दिवसाला पाच नवीन शब्द, त्याच्यावर नाही. रविवारी नवीन काही नाही, फक्त उजळणी. वर्षाचे दोनशे दिवस जरी हे झालं तरी हजार शब्द होतात, नववी आणि दहावी मिळून दोन हजार, आणि ते टिकलेले. परीक्षेच्या आठवड्यात, लग्नघरात, कापूस वेचणीच्या दिवसांत नवीन शब्द बंद ठेवा, पण खोकं उघडा.

उच्चार

थोडक्यात सांगतो. आपण इंग्रजी शब्द जसा लिहिला तसा वाचतो. व्हेजिटेबलमध्ये आपण चार तुकडे करतो, ते वेगात व्हेज्टबल असं तीनच तुकड्यांत बोलतात. डेव्हलपमध्ये जोर पहिल्यावर नाही, 'व्हे'वर. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफर म्हणताना तो 'टॉ'वर सरकतो, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. म्हणून कुटुंबातला प्रत्येक शब्द वेगळा ऐका. डिक्शनरीत स्पीकरची खूण दाबा, तीनदा ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा. आपल्या बोलीचा हेल इंग्रजीत आला तर येऊ द्या, तो काढायच्या मागे लागू नका, जोर बरोबर आला की समोरच्याला कळतं.

वाचायचं काय

मराठी मिडीयमच्या पोरांनी बालभारतीचं इंग्लिश मिडीयमसाठीचं त्याच इयत्तेचं पुस्तक जोडीला घ्यावं, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ मिळतं. एनसीईआरटीची पुस्तकंही तशीच फुकट आहेत. इंग्रजी पेपरची सुरुवात अग्रलेखापासून करू नका, क्रिकेटच्या बातमीपासून करा, मॅच तुम्ही बघितलेली असते म्हणून अर्थ अर्धा आधीच कळलेला असतो आणि नवीन शब्द उघडे पडतात. मग हवामान, मग बाजारभाव. पेपर रोज परवडत नसेल तर गावातल्या वाचनालयातला आदल्या दिवशीचा मागा, शब्द शिळा होत नाही.

एका पानावर जास्तीत जास्त तीन शब्द निवडा, बाकी सोडून पुढे वाचा. दर शब्दाला थांबलात तर गोष्ट मरते आणि आठ दिवसांत वाचणं सुटतं.

आणि वापरायचा कुठे

रात्री पाच ओळी, त्या दिवशी जे घडलं त्यावर, आणि त्यात आठवड्यातले तीन शब्द. मोठे विषय नको. सावद्याला केळीचा ट्रक दोन दिवस अडकला तर केळी पेरिशेबल म्हणजे काय ते आपोआप कळतं. कापसाचे भाव फ्लक्च्युएट होतात, उन्हाळ्यात पाणी स्केअर्स होतं, पहिला पाऊस ॲडिक्वेट झाला नाही तर दुबार पेरणी. हे सगळे वरच्या लेव्हलचे शब्द आहेत आणि आपल्या अंगणातले आहेत.

एकदा मी वर्गाला भरीत करण्याची पद्धत इंग्रजीत लिहायला सांगितली. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली की सालीवर जे काळं होतं ते चार्ड, जो वास येतो तो स्मोकी, हिरव्या मिरच्या आणि लसणाचा झणका तो पंजंट, लाकडी बडगीत ठेचणं ते पाउंड. आधी पोरांकडे फक्त नाइस आणि टेस्टी होतं. तासाभराने फळ्यावर चौदा शब्द होते आणि त्यातले बरेचसे पोरांनीच 'सर, याला काय म्हणायचं' असं विचारून माझ्याकडून काढून घेतलेले, दोन तर मला स्टाफरूममध्ये जाऊन डिक्शनरीत बघावे लागले.

बोलायला एक जोडीदार पकडा, एसटीने येणाऱ्या पोरांना हे सोपं आहे, जाताना पाच कार्ड तू विचार, येताना मी विचारतो. घरी आईला शब्दाचा अर्थ आपल्या बोलीत समजावून सांगा. आईला कळला म्हणजे तुम्हाला कळला.

एक चूक मात्र टाळा. शब्द आले म्हणून प्रत्येक वाक्यात कोंबू नका. परीक्षेच्या पत्रात किंवा निबंधात पानाला दोन-तीन नेमके शब्द पुरे, बाकी साधं स्वच्छ इंग्रजी. ज्यांना एनडीएची, म्हणजे बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा द्यायचीय त्यांच्यासाठी हिशोब थोडा वेगळा, तिथे लेखी ९०० मार्कांपैकी २०० इंग्रजीला आहेत आणि समानार्थी-विरुद्धार्थी सरळ विचारतात, त्यांनी अकरावीपासून दिवसाला आठ शब्दांपर्यंत जावं, खोक्याची शिस्त तीच.

महिना झाला की वही न उघडता पहिल्या आठवड्याचे तीस शब्द कोऱ्या कागदावर वाक्यात लिहून बघा. वीसच्या वर जमले तर वेग बरोबर आहे. दहा-बाराच आले तर दिवसाचे पाच शब्द तीनवर आणा, आणि जे विसरले त्यांची कार्डं काढून बघा, बहुतेकांच्या मागे तुमच्या घरातलं वाक्य नसेल, ते आजच लिहा आणि कार्ड पहिल्या कप्प्यात टाका.